त्यांच्या उशाशी, मराठीत

आम्हा देवासच्या मराठी घरांची एक खोड आहे. चारचौघांत गुपचूप काही ठरवायचं असलं की हिंदी सोडून सरळ मराठीत शिरायचं. साडीच्या दुकानात, भाडेकरूला खोली दाखवताना, कुठंही. समोरच्याला काय कळतंय!

हे व्हेंटिलेटरवर होते तेव्हा माझे दीर धारहून आले. निमोनियानं ह्यांची दोन्ही फुफ्फुसं भरली होती, किडन्याही थकल्या होत्या. डॉक्टर पलंगापाशीच हिंदीत समजावत होते. मशीनमुळे फुफ्फुसांना सावरायला वेळ मिळेल, पण त्रासही फार, आणि उठले तरी पहिल्यासारखे होतीलच असं नाही. आज गुंगीचं औषध जरा कमी केलंय. "आप लोग सोच लीजिए."

अहो, मी काय ठरवणार? भाजी कुठली करू हेसुद्धा ह्यांना विचारणारी बाई मी!

भावोजी लगेच मराठीत शिरले. "वहिनी, दादाचे हाल बघवत नाहीत. हात बांधलेत, घशात नळी. काढायला सांगू या."

"आणि काढल्याबरोबर गेले तर?"

"जातीलच. पण सुटतील तरी."

"तुम्ही जाल धारला निघून! मी एकटीनं काय करायचं?" मी खेकसले. डॉक्टर बिचारे मान खाली घालून उभे होते.

तेवढ्यात नर्स म्हणाली, "अंकलजी रो रहे हैं."

ह्यांचे डोळे उघडे होते. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय मराठी कळणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच आम्ही विसरलो होतो.

मी त्यांचा हात धरला. "अहो, नळी काढायची असेल तर हात दाबा."

त्यांनी दाबला.

मला इतकी भीती वाटली की मी परत विचारलं, "का राहू द्यायची? ठेवायची असेल तर दाबा."

त्यांनी परत दाबला.

भावोजींनी दोन्ही प्रश्न डॉक्टरांना हिंदीत सांगितले. "उन्हें शायद समझ नहीं आ रहा," डॉक्टर हळूच म्हणाले.

"चलने दीजिए," मी म्हटलं.

आठवड्याभरानं हे गेले, नळी तोंडात असतानाच. लोक म्हणतात, तुम्ही शेवटपर्यंत प्रयत्न सोडला नाहीत. पण पहिल्या वेळी त्यांनी हात जास्त घट्ट दाबला होता. मला ते तिथंच कळलं होतं.