राणी मेघावती मरते त्या दिवशी

औशाच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, अंबिकाअक्काचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वय बेचाळीस. नवरा गेल्यापासून घर मशीनवरच चाललेलं. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या उमाशंकरनं यूट्यूबसाठी राजघराण्यातली प्रेमकथा करायचं ठरवलं, तेव्हा तो तिच्याकडे फक्त कपडे शिवून घ्यायला आला होता. अक्कानं मापं घेता घेता त्याला गोष्टच सांगितली. विधवा राणी मेघावती, तिचा जीव जडलेला सेनापती, गादीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद. नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा कुणाकडं प्रेमानं बघणं तिला गोष्टीतच जमलं होतं. उमाशंकर ऐकतच राहिला. म्हणाला, "अक्का, राणी तुम्हीच व्हा."

तिनं एकच अट घातली. दासीचं काम दामिनीला द्यायचं. दामिनी सहा वर्षांपासून तिच्याकडे शिवण शिकत होती, तिच्याच डब्यातलं जेवत होती.

सात भाग झाले. मोंढ्यातले हमालसुद्धा अक्काला राणीसाहेब म्हणू लागले.

आठव्या भागाचं शूटिंग रविवारी सकाळी किल्ल्यात होतं. अक्का पोचली तेव्हा दामिनी हिरवं जरीचं ब्लाउज घालून मेकअपला बसली होती. अक्काची नजर आधी बाहीवर गेली. शिवण अक्काच्या दुकानातली नव्हती. पण ब्लाउज अंगाबरोबर बसलं होतं, म्हणजे माप देऊन आठवडा तरी झाला असणार.

"हे कुठं शिवून घेतलंस गं?"

उमाशंकरनं कागद पुढं केला. "अक्का, आज राणी मरती. दासी शरबतातनं विष देती अन् गादीवर बसती."

"मरती? माझी राणी?"

"लातूरचे साडीवाले कपडे द्यायलेत. त्यांना तरुण राणी पायजे."

"अन् विषाचं कुणी काढलं?"

तो दामिनीकडं बघू लागला. दामिनीच बोलली, "मी सुचवलं, अक्का. तुम्ही तरी किती दिवस राणी ऱ्हानार?"

अक्का पायरीवर बसली. रडूही येईना. तिनं कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "लाव कॅमेरा."

कागदावर होतं, राणी पेला पिते, शाप देते, कोसळते. अक्कानं पेला तोंडाशी नेला आणि थांबली. दामिनीकडे बघत राहिली. राणीची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"विष हाय, म्हाईत हाय मला. तुझ्या हातचं हाय म्हणून पिते."

आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. दामिनीच्या हातातलं तबक खाली पडलं. ती खरंच हुंदके देऊन रडायला लागली. कट म्हणायचं उमाशंकरला सुचलंच नाही.

तो भाग आधीच्या सातांपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. पण पुढं अक्काची गोष्ट नव्हती; नव्या राणीला गादी होती, बोलायला काही नव्हतं. अकराव्या भागाखाली लोकांनी शिव्या लिहिल्या. उमाशंकर दुकानात आला, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"अक्का, पुढची गोष्ट द्या. पायजे तर राणीला जिती करू."

"मेली ती. गोष्ट देते. पण माझं नाव पहिलं यायला पायजे, अन् मला विचारल्याबिगर एक शब्द हलवायचा न्हाई."

त्यानं कबूल केलं. आता दामिनी गादीवर बसून अक्कानं लिहिलेलं बोलते.

त्यानंतर दामिनी एकदाच दुकानात आली. "अक्का, त्या दिवशी मी..."

"आठवडाभर ठाऊक होतं तुला," अक्का म्हणाली. "अन् रोज माझ्याबरोबर जेवलीस."

दामिनी निघून गेली. त्या दिवशी अक्काला सुईत दोरा ओवता येईना.

गिऱ्हाइकं विचारतात, त्या दासीला शिक्षा कधी होणार? अक्का मशीन थांबवते.

"ती अशी का वागली तेच मला आजून कळंना. शिक्षा काय लिहू?"