दसऱ्याला न्हालेली सायकल

शिळफाट्यावर लडकूमिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं आणि तिथं पंक्चर काढून घ्यायचं तर आधी बोलणी खावी लागत. गिऱ्हाइकानं सायकल उभी केली रे केली, की लडकू तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि सुरू व्हायचा. "चेन बघा, चेन! हिला तेल दावलंत का कधी? सोता दोन टायमाला जेवता ना?" खोपोलीच्या कारखान्यांतली माणसं पाळीवर जायच्या घाईत असायची, तरी मुकाट ऐकून घ्यायची. लडकूच्या हातून गेलेली सायकल वर्षभर कुरकुरत नसे. शिवाय तो बोलला नाही तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्याचा खरा राग होता दसऱ्यावर. दसऱ्याला कोयता-विळा पुजतात तशी सायकलही पुजायची, आणि पुजायची म्हणजे आधी न्हाऊ घालायची. लोक पाताळगंगेवर सायकली नेत, म्हशींच्या शेजारी पाण्यात उभ्या करत आणि काथ्यानं खसाखसा घासत. मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, वरून नारळाचं पाणी. पंधरा दिवसांत त्याच सायकली करकर करत लडकूच्या दारात हजर. "आरं, लोखंड हाय ते! म्हस हाय का धुवायला?" दिवाळीपर्यंत त्याचा घसा बसलेला असायचा.

या सगळ्या गिऱ्हाइकांत एकाच माणसाला बोलायला लडकूला कधी जागा सापडली नव्हती. तो म्हणजे काळूराम, पुतळाबाईंचा एकुलता एक मुलगा. कारखान्यात लागल्यावर त्यानं मुंबईहून एक जुनी शर्यतीची सायकल आणली होती. विलायती, निळ्या रंगाची, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. रविवारी तो लडकूच्या शेजारी फतकल मारून बसायचा आणि स्वतःच्या हातानं तिचा छर्रा न् छर्रा पुसायचा. सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत तो त्या सायकलीवर पहिला आला, तेव्हा पेढे लडकूनं वाटले होते. पुढं एका पावसाळ्यात काळूरामला कावीळ झाली आणि चांगला धडधाकट पोरगा बघता बघता गेला. सायकल पुतळाबाईंच्या पडवीत उभी राहिली.

त्याला आठ-नऊ वर्षं उलटली. एक्याऐंशी सालच्या जूनमध्ये पुतळाबाई ती सायकल टेंपोत घालून शिळफाट्यावर आल्या. हँडल वळतच नव्हतं, मग ढकलत आणणार कशी? बरोबर त्यांच्या दिराची मुलगी गोदा होती. गोदा दहावी पास झाली होती आणि तिला खोपोलीच्या कॉलेजात नाव घालायचं होतं. कॉलेज भरायचं सकाळी सातला, आणि त्यांच्या गावातून पहिली एसटी सुटायची आठनंतर. तिचा बाप म्हणाला, "येवढं लांब रोज पायी धाडू का पोरीला? ऱ्हाऊ दे ते कालेज." त्यावर दिरासमोर कधी मोठ्यानं न बोललेल्या पुतळाबाई दाराआडून म्हणाल्या, "काळूची सायकल हाय ना!"

"मिस्त्री, कालेज सुरू व्हायच्या आत हिला चालती करा," त्या लडकूला म्हणाल्या. "न्हायतर पोरगी घरीच बसंल."

"मला येते चालवता," गोदा घाईघाईनं म्हणाली. "काळूदादानंच शिकवलीय. दांडीखालून पाय घालून."

लडकूनं सवयीनं फेरी मारली. धुळीचा कण नव्हता, रंग लखलखत होता. त्यानं विचारलं, "इतकी वर्सं उभी हाय, आन् अशी कशी ऱ्हायली, वैनी?"

"दर दसऱ्याला न्हाऊ घालते," पुतळाबाई म्हणाल्या. "कढत पान्यानं. पार डोक्यावरनं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला, की लडकूचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

दोघी गेल्यावर त्यानं सायकल खोलायला घेतली. हँडलची मान जाम झाली होती. रॉकेल सोडून ठेवलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं, तेव्हा कुठं ती सुटली. आत छर्रे कसले नि काय, गंजून सगळ्यांचा एक गोळा झालेला. त्या गोळ्यावर लाल राप, आणि रापात रुतलेले तांदळाचे दाणे. एवढ्या दसऱ्यांचं कुंकू, एवढ्या दसऱ्यांच्या अक्षता मानेच्या फटीतून आत उतरल्या होत्या, आणि त्यांच्यामागोमाग पाणी.

दुसऱ्या कुणाची सायकल असती तर लडकू त्याच्या घरी जाऊन ओरडून आला असता. इथं ओरडणार कुणावर? आई पोराला घालते तशी पुतळाबाईंनी या सायकलीला अंघोळ घातली होती, आणि त्याच पाण्यानं सायकल आतून खाल्ली होती. हे त्यांना कळलं तर त्या हाय खातील. सायकल दुरुस्त करायची आणि याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

सायकल जमवताना मात्र त्याचा कस लागला. विलायती मानेत बसतील असे छर्र्यांचे कप हुडकायला तो कल्याणपर्यंत जाऊन आला. बारीक चाकं खड्ड्यांत टिकली नसती, म्हणून त्यानं जाड चाकं बसवली. हँडलची शिंगं मात्र त्यानं ठेवली, फक्त वर वळवली, पोरीला ताठ बसता यावं म्हणून.

काम अर्ध्यावर आलेलं असताना बाजाराच्या दिवशी पुतळाबाई अचानक दुकानात आल्या. जुने छर्रे डब्याच्या झाकणात तसेच पडलेले होते. त्या वाकल्या.

"ह्ये कुंकू कसलं, मिस्त्री?"

"कुंकू कुठलं? गंज हाय तो. गंज लालच असतो."

पुतळाबाईंनी झाकणातला एक दाणा चिमटीत उचलला. "आन् गंजाला तांदूळ कवापास्न लागलं?"

लडकू पाना पुसू लागला. पाना स्वच्छच होता.

"माझ्या दसऱ्याच्या पान्यानंच खाल्ली व्हय सायकल?"

"तसं नाय, वैनी... आपली हवाच दमट... उभी सायकल खराब व्हतेच..." लडकू पुटपुटला. असला आवाज त्याच्या गळ्यातून निघतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुतळाबाई फळीवर बसल्या. "मिस्त्री, तुमी साऱ्या फाट्याला बोलता. मंग मलाच का नाय बोलत?" त्यांनी तो दाणा परत झाकणात टाकला. "काळू गेल्यापास्न समदी माझ्याशी हळू बोलत्यात. दीर, जाऊ, शेजारनी, समदी. कालवनात मीठ जास्ती झालं तरी गुमान खात्यात. मी चुकले तर मला सांगनार कोन?"

एवढं ऐकलं आणि लडकूचा बांध फुटला. "मी सांगतो! कढत पानी? लोखंडावर? आन् वरनं नारळाचं पानी? ह्या मानंत छर्रे असत्यात, वैनी, त्यांना ग्रीस लागतं, अक्षता नाय लागत! काळूरामनं हिच्यावर थेंब पडू दिला नव्हता, आन् तुमी तिला न्हाऊ घालता? हात तरी कसा झाला तुमचा?"

बोलून झाल्यावर लडकूनं वर बघितलं. पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. 'काय करून बसलो मी!' असं त्याला झालं. मग पदर खाली आला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या.

"काळू अस्साच वरडायचा," त्या म्हणाल्या. "'आये, पानी नको गं घालूस, किती येळा सांगू?' समदी सांगत्यात, लई गुनाचा व्हता, मायाळू व्हता. तसा तर व्हताच. पन माझ्यावर वरडायचा ना, ते मी पार इसरलेच व्हते बघा."

लडकूनं डोळे पुसले आणि हातावरचं ग्रीस गालाला लागलं. मग त्यानं ग्रीसचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. नव्या कपात ग्रीस भरून एकेक छर्रा पुतळाबाईंनीच बसवला, लाडू वळणाऱ्या हातांनी, एकही सांडू न देता. कॉलेज सुरू झालं त्या सकाळी गोदा फाट्यावरून घंटी वाजवत गेली. लडकू दुकानाबाहेर येऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

त्या वर्षी दसऱ्याला काकी-पुतणी सायकल घेऊन पुन्हा दुकानाशी आल्या. पाऊस नुकताच उघडला होता. निळी सायकल चाकांपासून दांडीपर्यंत चिखलानं माखली होती. लडकूनं फेरी मारली, तोंड उघडलं, पण त्याच्याआधी पुतळाबाईच गोदावर कडाडल्या, "चेन बघ, चेन! कोरडी ठाक पडलीय! सोता दोन टायमाला जेवतेस ना गं?"

मिस्त्रीला बोलायला जागाच उरली नाही. गोदा ओशाळली, तिनं चेनला तेल सोडलं. मग पुतळाबाईंनी हँडलला झेंडूची माळ बांधली. पाण्याचा तांब्या त्यांनी आणलाच नव्हता. कुंकवात बुडवलेलं बोट त्यांनी सायकलीच्या मानेशी नेलं, थोडं थांबल्या आणि ते गोदाच्या कपाळाला टेकवलं.

गोदा ओढणीनं दांडीवरचा चिखल पुसू लागली, तशी पुतळाबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "रोज कालेजात जाते ती. मळायचीच."