वाकडी करंगळी

माझी थोरली नणंद आयुष्यात कधी चुकली नाही, असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. घरात तिला सगळे फौजदार म्हणतात, अर्थात पाठीमागे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नुसते ओठ हलवले तरी ती वाचते, त्यामुळे तिच्यासमोर कुजबुजण्यात काही अर्थ नसतो.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या नणंदेला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. मी मुकाट मान डोलावली. पण हातांनी बोलताना अहोही नसतं आणि अगंही नसतं. तिने मला ओट्याशी उभं करून खुणा शिकवल्या आणि त्या शिकता शिकता आमचं अहो-जाहो कुठे गळून पडलं, ते दोघींनाही कळलं नाही. तिने मला खुणेचं नावसुद्धा दिलं. तोंडापाशी बोटांची चोच करायची आणि ती उघडमीट करायची. म्हणजे बडबडी. मी चिडले, तर म्हणाली, "नाव बदलून मिळत नाही." आमच्या ह्यांचं नाव आहे डोकं खाजवणं. सख्खा भाऊ आहे तिचा, तेव्हा पूर्ण विचार करूनच दिलं असणार.

ती कपड्यांच्या कारखान्यात होती. शर्टांना काजं करण्यापासून सुरुवात केली आणि निवृत्त झाली ती मशीनदुरुस्तीची प्रमुख म्हणून. शिलाईचं एखादं मशीन अडलं की तिला बोलावणं जायचं. ती मशीनवर तळहात ठेवायची, थोडा वेळ तसाच ठेवायची आणि नेमकं कुठे अडकतंय ते सांगायची. दोरा तुटायला लागला की माणसं काय करतात? सुई बदलतात, दोरा बदलतात, स्क्रू पिळतात, बॉबिन काढून फुंकर मारतात, आणि हे सगळं एकदम. मग मशीन चाललं तरी का चाललं ते कळत नाही आणि नाही चाललं तर आपण आणखी काय बिघडवून ठेवलं तेही कळत नाही. तिचा नियम साधा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाही जमलं तर ती होती तशी परत करायची आणि मग दुसरीला हात घालायचा. हा नियम ती माझ्या भाजीलाही लावते. मीठ आणि तिखट एकाच वेळी वाढवलेलं दिसलं, तर माझी धडगत नसते.

अशा या बाईला जगात एकच माणूस रागावू शकायचं, ते म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई. बाईंनाही ऐकू येत नाही. नणंद त्यांच्याकडे गेली तेव्हा चांगली मोठी होती, पण प्रत्येक वस्तूला नाव असतं हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणते, "मला भूक लागायची, पण तिला भूक म्हणतात हे कुठे माहीत होतं?" बाईंनी तिला शब्द दिले. त्यासोबत एक त्रासही दिला. नणंदेच्या उजव्या हाताची करंगळी बोलताना आत वळायची. बाई पेन्सिलने त्या करंगळीवर टकटक करायच्या. "करंगळी! तू पुटपुटतेस!" हातांनी बोलणाऱ्याची करंगळी वाकडी म्हणजे तोंडाने बोलणाऱ्याचे शब्द गिळणं. पुढे नणंद आजी झाली, तरी बाई भेटल्या की आधी करंगळीकडे बघायच्या.

आणि आता बाईंचे डोळे जायला लागले होते. मधोमध सगळं धुरकट, कडेने थोडं दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उरलेलंही हळूहळू जाणार. आपले डोळे अधू झाले तर आपण निदान गप्पा ऐकू शकतो. बाईंचं सगळं ऐकणंच डोळ्यांत होतं. नणंदेला ते कळलं आणि ती कामाला लागली. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांना तिने गावोगावी, देशोदेशी शोधून काढलं, प्रत्येकाकडून बाईंसाठी दोन शब्द बोलून मागवले आणि ते सगळे व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवर स्वतः जोडले. लॅपटॉपचा पडदा बाईंना पुरणार नव्हता, पण बाईंच्या मुलाकडे भिंतभर टीव्ही होता. त्यावर हात परातीएवढे दिसले असते.

"आधी आपल्या टीव्हीला जोडून बघू," मी सांगितलं होतं.

"लॅपटॉपवर चालतंय ना? मग टीव्हीवर चालायला काय धाड भरलीय?" असं म्हणून तिने हनुवटी वर केली. तिची हनुवटी वर गेली की विषय संपतो.

त्या सकाळी आम्ही बाईंच्या घरी पोचलो. जुने विद्यार्थी आधीच जमले होते. त्यात एक सुतार होता, नवे कपडे घालून आलेला, कारण व्हिडिओत पहिला तोच होता. बाईंची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली होती आणि त्या तिच्यात तिरक्या बसल्या होत्या, कोंबडी दाण्याकडे एका डोळ्याने बघते तशा. समोरून बघितलं तर त्यांना काहीच दिसत नसे.

केबल जोडली. लॅपटॉपवर जे होतं ते सगळं टीव्हीवर आलं. नणंदेने व्हिडिओ सुरू केला. लॅपटॉपवर सुतार हात हलवून बोलू लागला. टीव्हीवर व्हिडिओची चौकट आली, खालची बटणं आली, पुढे सरकणारी वेळही आली, आणि सुताराच्या जागी नुसता काळाकुट्ट अंधार.

"आवाज येतोय!" बाईंचा मुलगा आनंदाने ओरडला. "म्हणजे चालू झालं!" आणि त्याने आवाज वाढवला. कोणासाठी वाढवला, ते त्यालाच ठाऊक. त्या खोलीत ऐकू येणारे आम्ही तिघेच होतो, तो, मी आणि आमचे हे. त्या अंधारातून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी आली, मग कुत्रं भुंकलं, मग तळव्यावर तळवा आपटल्याचे आवाज आले. सुतार काहीतरी जीव तोडून सांगत होता आणि दिसत काहीच नव्हतं.

बाई पुढे वाकल्या. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग हात सावकाश उचलून त्यांनी विचारलं, "सुरू झालं का? मला दिसत नाही."

नणंद झटकन त्यांना दिसेल अशा बाजूला गेली. "तुमचे डोळे नाहीत, बाई. टीव्हीच काळा आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," बाई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून दिले. हात मांडीवर ठेवणं म्हणजे आमच्यासारख्यांनी तोंड फिरवणं. मी "तरी मी सांगत होते" म्हणायला बोटं उचलली होती. नणंदेचा चेहरा बघितला आणि खाली घेतली.

तोवर दोन्ही पुरुष कामाला भिडले होते. ह्यांनी केबल उपटून दुसऱ्या भोकात घातली. मुलाने टीव्हीच्या रिमोटवरचं दिसेल ते बटण दाबलं. ह्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला, कुठेतरी काहीतरी निवडलं, आणि लॅपटॉपवरचं सगळं चित्रच आडवं झालं. हे मान खांद्यावर टाकून ते वाचायला लागले. मुलगा म्हणाला, "तुम्ही आता थोडं डावीकडे फिरवा." काय फिरवायचं होतं, देव जाणे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा प्रकार.

नणंद भिंतीपाशी गेली आणि खोलीतला दिवा चालू-बंद, चालू-बंद करू लागली. बाईंच्या शाळेत गोंधळ थांबवायचा तर असाच. दोघेही जागच्या जागी थिजले.

"हात वर," ती म्हणाली. "आधी उसवायचं."

ज्याने जे केलं ते त्याच्याकडूनच तिने परत करून घेतलं. केबल मूळच्या जागी गेली. आडवं चित्र उभं झालं. रिमोट तिने मुलाच्या हातातून काढून घेऊन माझ्याकडे दिला आणि मला शेजारी बसवलं, कारण लॅपटॉपवरच्या अवघड शब्दांसाठी तिला माझी बडबड लागणार होती.

आधी तिने एक फोटो उघडला. टीव्हीवर लख्ख दिसला. म्हणजे टीव्ही ठीक. हे दबक्या आवाजात म्हणाले, "केबलही ठीक आहे, तिच्यातूनच तर आवाज येतोय," आणि त्या दिवशीचं त्यांचं हे एकमेव शहाणं वाक्य मी तिला पोचतं केलं. मग तिने दुसराच एक व्हिडिओ लावला, तळ्यातल्या बदकांचा. पुन्हा अंधार, आणि अंधारात क्वॅक क्वॅक. म्हणजे तिच्या व्हिडिओत दोष नव्हता. राहिलं ते व्हिडिओ चालवणारं प्लेअर. तिने त्याची सेटिंग उघडली आणि खूण केलेल्या चौकटींची ही लांबलचक रांग समोर आली.

पहिली खूण काढली, प्लेअर बंद करून उघडलं, व्हिडिओ लावला. काळं. खूण परत केली. दुसरी काढली. काळं. परत केली. मुलगा मला म्हणाला, "वहिनी, उद्या दुकानातला माणूस बोलावतो ना." बाईही म्हणाल्या, "राहू दे गं. हातपाय धडधाकट आहेत तोवर भेटायला येत जा, पुष्कळ झालं." नणंदेने मान वरसुद्धा केली नाही. मला मात्र रडू येत होतं, आणि तिचा रागही येत होता, कारण घाई करायला ती काही केल्या तयार नव्हती.

मग एक लांबलचक नाव आलं, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन. त्याला हाताची खूण कुठली असणार? मी बोटांनी एकेक अक्षर करून दाखवलं.

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत!"

"मग काढ."

मी काढली. प्लेअर बंद केलं, उघडलं, व्हिडिओ लावला.

भिंतभर सुतार उभा राहिला. नखातला रंधा मारल्याचा भुसासुद्धा दिसत होता. सगळी खोली उठून उभी राहिली आणि सगळ्यांचे हात हवेत फडफडू लागले. त्यांच्या टाळ्या अशाच असतात, वर हात करून हलवायचे. मी दोन्ही प्रकारे वाजवल्या. मुलाने मागाहून मोबाइलवर वाचून सांगितलं की लॅपटॉप घाई करण्यासाठी चित्र परस्पर स्वतःच्याच पडद्यावर टाकत होता, ते केबलकडे जातच नव्हतं. नणंद म्हणाली, "आडवाटेने जाणाऱ्यांचं असंच होतं."

व्हिडिओ पुढे सरकू लागला. एकामागून एक माणसं येऊन बाईंशी बोलू लागली. पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या तशाच तिरक्या बसून होत्या. हळूहळू सगळे टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले. खरंच दिसत होतं का त्यांना?

शेवटी नणंद स्वतः आली. तिने तिथे जे सांगितलं ते तिने मला आधी दाखवलं नव्हतं. "बाई, तुमच्या आधीही जग होतं, पण ते मुकं होतं. तुम्ही त्याला बोलायला लावलंत."

बाईंचं बोट वर गेलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं, पेन्सिल धरल्यासारखं. "करंगळी."

सगळे थबकले. "सवयीने म्हणाली असेल," मुलगा मला हळूच म्हणाला. "जन्मभर हेच तर सांगत आली." नणंदेने त्याचे ओठ वाचले. पण त्याला उत्तर द्यायच्या आधी तिची हनुवटी सवयीने वर गेली होती आणि हात बोलूनही गेले होते. "सरळ होती, बाई. मी मुद्दाम काळजी घेतली होती."

"वाकडी," बाई म्हणाल्या. मग त्यांचा हात अर्ध्यावर रेंगाळला. "मला चुकीचं दिसलं असेल."

नणंदेची हनुवटी खाली आली. आता ती बरोबर असेल, तर बाईंचे डोळे गेले होते. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच स्वतःच्या चुकीसाठी देव पाण्यात घालताना बघितलं. तिने व्हिडिओ मागे नेला, पुढे नेला, आणि "बोलायला लावलंत" या शब्दावर थांबवला.

भिंतीवर तिचा हात उभा होता, माणसाएवढा. चार बोटं ताठ होती आणि करंगळी छान आत वळलेली होती.

नणंद खुर्चीवरून उडालीच. "वाकडी!" ती सुताराला करंगळी दाखवत म्हणाली. "वाकडी!" तिने ह्यांना दाखवली, मुलाला दाखवली, माझ्या तर नाकापुढेच नाचवली. "मी चुकले! बघा, मी चुकले!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भरून हसत होती. आमची फौजदार घरभर आपली चूक मिरवत फिरत होती, आणि तिला आवरायची आमच्यापैकी कोणाचीच इच्छा नव्हती.

बाईंनी खुर्चीत थोडं सावरून घेतलं, मान पुन्हा तिरकी केली आणि तिला हाताने जवळ बोलावलं.

"सुरुवातीपासून लाव," त्या म्हणाल्या. "सुतारानेही दोन चुका केल्यात."