चार रुपयांचा चिरूट आणि आमचे दाजी

आमच्या दाजींनी जन्मात एकही वस्तू फुकट चांगली म्हटली नाही. जोर फुकट या शब्दावर आहे. वस्तू चांगली असेल तर ते तसं सांगत, पण आधी तिचे पैसे मोजून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आखाडा बाळापूरच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं पानतंबाखूचं दुकान होतं, आणि त्या वर्षांत, म्हणजे सत्तर सालानंतर, आमच्या भागात तंबाखूबद्दल त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याने नवा माल आणला की दाजी नमुन्याची पुडी परत करत आणि तेवढाच माल विकत घेत. मग चूळ भरत, तंबाखूचं पान कानाशी चुरगाळून त्याचा आवाज ऐकत, अर्धा माल सकाळी ओढून बघत आणि अर्धा दुपारी. कारण सकाळी चहानंतर काहीही बरंच लागतं. त्यानंतर निकाल. "फुकटाचं समदं गोडच लागते," ते म्हणत. "दाम मोजला का मंग जीभ खरं बोलते."

हा नियम तंबाखूपुरता असता तर ठीक होतं. बहिणीला बघायला आले तेव्हा त्यांनी चहा प्यायच्या आधी बशीखाली चार आणे सरकवले आणि पिऊन झाल्यावर "पाणी जास्त झालं" असं सर्वांसमक्ष सांगितलं. वडील उठून अंगणात गेले. बहीण आतून म्हणाली, "खरंच झालं होतं," आणि लग्न ठरलं. पुढे एका भाचीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या हातावर रुपया ठेवला आणि बुंदीला खवट वास येतो असं भर पंगतीत जाहीर केलं. त्या घरून दोन वर्षं बोलावणं आलं नाही. लोक त्यांना हेकट म्हणत. म्हणोत. मी कचेरीतला कारकून, याद्या करणारा माणूस. दाजी मला यादीवालेच म्हणत. त्यांच्या निकालांचीही मी यादी ठेवली होती आणि खोडावा असा एकही निकाल तीत मला सापडलेला नाही.

मग स्टँडसमोरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीला येणारे साहेब दाजींच्याच बाकावर बसत आणि हैदराबादहून आणलेला चिरूट ओढत. लाकडी डबी, प्रत्येक चिरुटाला सोनेरी कागदाची पट्टी, आणि एकाची किंमत चार रुपये. "एकदम सौम्य. घसा धरत नाही," असं साहेब दर झुरक्यामागे सांगत आणि बाकावरचे सगळे माना डोलावत. एके दिवशी त्यांनी डबी दाजींपुढे धरली. "तुमचा निकाल ऐकायचाय. किमतीला उतरतो की नाही, बोला." आणि त्याच दमात म्हणाले, "रस्त्याची खुंटी तुमच्या दुकानाच्या पुढे ठोकायची की मागे, तेही उद्या ठरवू." पुढे ठोकली तर दुकान वाचणार होतं. मागे ठोकली तर दुकान रस्त्यात जाणार होतं. हे कळायला कारकून असावं लागत नाही.

दाजींनी गल्ल्यातून चार रुपये काढून डबीवर ठेवले. साहेब हसले, नको म्हणाले. दाजींनी नोटा त्यांच्या फायलीत खोचल्या आणि मग चिरूट उचलला. "उद्या सांगतो."

मी त्यांच्यासाठी लगोलग यादी केली. एक, वास छान. दोन, घसा धरत नाही. तीन, किंमत वाजवी. दाजींनी ती नीट वाचली. "यादीवाले, पयले दोन बराबर असतील. तिसरं वढल्याबिगर कसं सांगू?"

बहीण चुलीपासून म्हणाली, "म्हणून टाका की तिसरं बी. तोंड झिजते का तुमचं?"

"व्हय," दाजी म्हणाले. "झिजते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अडकित्त्याने चिरुटाचं टोक उडवलं, अर्धा सकाळी ओढला, विझवून फळीवर ठेवला आणि उरलेला दुपारी पेटवला. साहेब बाकावर बसले होते. हिंगोली गाडीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून निकाल ऐकायला खाली उतरला. दाजींनी पांढरी राख बोटभर लांब होऊ दिली, तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि मग बोलले.

"साहेब, माल मऊ हाय. वंगाळ न्हाई. एक रुपया तंबाखूचा, एक वळणाऱ्याच्या हाताचा, त्याचा हात लई चांगला हाय. उरलेले दोन डबीचे आन् पट्टीचे. पट्टी काई मी वढत न्हाई."

"म्हणजे नाही उतरत?"

"दोन रुपयाला उतरते. चाराला न्हाई."

मी मागे उभा राहून दाजींचा सदरा ओढत होतो. त्यांनी माझा हात झटकला. साहेबांनी डबी बंद केली आणि ते उठले. संध्याकाळी खुंटी दुकानाच्या मागे ठोकली गेली. नकाशात ती आधीपासून तिथेच होती की दाजींच्या निकालाने तिथे गेली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, दाजींनीही नाही. कुणी आजही मला म्हणतं, एका शब्दासाठी भरलं दुकान घालवलं. मी सांगतो, तो चिरूट चार रुपयांचा नव्हताच.

दुकान स्टँडमागे, गोदामाच्या भिंतीला लागून नव्याने थाटलं. धंदा निम्म्यावर आला. बहिणीने शिवणाचं काम धरलं आणि त्या निकालाबद्दल दाजींना कधी एक शब्द ऐकवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे जाऊन बसलो होतो. भिंतीपलीकडे गाडीचा हॉर्न वाजला तसे दाजी हातातलं पान ठेवून अर्धे उठले. क्षणभर तसेच राहिले आणि पुन्हा बसले.

"वाईट वाटतं का, दाजी?"

"वाटते ना. काहून न्हाई वाटणार?" ते पानाला चुना लावत म्हणाले. "गाडी आलेली ऐकू येते. कोण उतरलं ते दिसत न्हाई."