घरमालक काकांची मरणं

आमच्या घरमालक काकांइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. आणि त्यातली बहुतेक मरणं माझ्या हातून झालेली आहेत. हे वाचून कुणी पोलिसांना फोन लावण्याआधी सांगून टाकते, मेली ती काकांची सोंगं, काका नव्हेत. पण सोंग मेल्यावर काकांचा चेहरा असा व्हायचा की शेजारच्या वहिनी एकदा खरोखरच "कोण गेलं हो तुमच्यात?" म्हणून विचारायला आल्या होत्या. काकांनी डोळे पुसत त्यांना सांगितलं, "बुरोंडीचा एक म्हातारा. तुमच्या ओळखीचा नव्हता." वहिनी हळहळून परत गेल्या. हा म्हातारा आदल्या संध्याकाळी माझ्याच खिडकीशी जन्माला आला होता.

मी तेव्हा डी. फार्म.ची दोन वर्षं संपवून एका मेडिकलमध्ये तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला लागले होते आणि काका-काकूंच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. देवरूखच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून आलेली मी अभ्यासात बरी होते. औषधाचं नाव, त्यातले घटक, मात्रा, दुष्परिणाम सगळं तोंडपाठ. पण काउंटरच्या पलीकडे जिवंत माणूस येऊन उभा राहिला की तोंडपाठ असलेलं काही तोंडातून बाहेर यायचं नाही. एका बाईने विचारलं, "ही कधी घ्यायची?" तर मी गोळ्यांची पट्टी तिच्यासमोर धरली आणि बोटाने दुकानातलं घड्याळ दाखवलं. बाई घड्याळाकडे बघत राहिली, मी बाईकडे. शेवटी मालकांनी मधे पडून तिला सांगितलं आणि संध्याकाळी मला बाजूला घेतलं. माणूस भला होता, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "तुझा हात चुकत नाही, हे मी पाहिलंय. पण न बोलता औषध देणं म्हणजे नुसतं सामान देणं. महिनाभर बघतो. नाहीच जमलं तर ट्रेनिंगच्या कागदावर मी सही करणार नाही." त्या सहीशिवाय माझं रजिस्ट्रेशन व्हायचं नव्हतं. वडील मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, आणि आपली मुलगी फार्मासिस्ट होणार ही बातमी त्यांनी प्रत्येक मजल्यावर पोचवून ठेवली होती. मी घरी येऊन पडवीत बसले आणि जे रडायला लागले ते काकूंनी चहा आणून पुढ्यात ठेवला तरी रडू थांबेना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. काका म्हणजे एस. टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. सगळा जन्म देवरूख, चिपळूण, दापोली या रस्त्यांवर गेलेला. माणूस कुठल्या थांब्यावर चढला हे न बघता, त्याच्या नुसत्या "एक द्या" वरून त्याचं गाव ओळखणारे. बायकोशी भांडण झालं की भांडणाच्या शेवटी "सुट्टे नाहीत" म्हणून उठून जाणारे. तिकिटांना भोकं पाडायचं जुनं पंच मशीन त्यांनी जपून ठेवलं होतं आणि विचार करायला लागले की ते टकटक वाजवत बसत. त्या दिवशीही ते बराच वेळ वाजलं. मग म्हणाले, "म्हणजे तुला पेशंट पायजेत. येवढंच ना गो? उद्यापासून पाठवतो."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजांवर टकटक झाली. बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाठीत वाकलेला एक बुरोंडीचा म्हातारा उभा. कानाला हात लावून ओरडला, "काय बोल्लीस? वायच मोठ्यानं बोल!" मी अजून काहीच बोलले नव्हते. मग कशीबशी पुटपुटले, रिकाम्या पाकिटात घातलेल्या चिंचोक्यांच्या गोळ्या दिल्या, म्हातारा गेला. आणि सकाळी काका पडवीत मान खाली घालून बसलेले. "गेला बिचारा. तुझा शब्द काय त्याच्या कानापर्यंत पोचला नाय. सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्यान." काकूंनी विचारलं, "चहा घेणार?" काका म्हणाले, "सुतक आहे." काकू आतूनच म्हणाल्या, "मग पोह्यांचं काय करू? सुतकात चालतात का ते विचारून घ्या म्हाताऱ्याला." काकांनी पोहे खाल्ले, पण तोंड पाडूनच.

काकांचा नियमच तो होता. मी चुकले की सोंग मरायचं, आणि मेलेलं सोंग पुन्हा यायचं नाही. चिपळूणची एक सुगरण बाई मला फार आवडली होती. ती औषधाबरोबर मलाच भरल्या वांग्यांची पाककृती सांगून गेली. तिला मी "जेवणाआधी दोन वेळा" असं अगदी स्पष्ट, मोठ्यांदा सांगितलं आणि खूश झाले. सकाळी कळलं की बाई गेली. ती सकाळी पेज घेते आणि एकदम रात्री जेवते, पण पेज ही तिच्या लेखी जेवण नव्हे. त्यामुळे गोळी एकदाच पोटात गेली. "तू तिला इचारलंस काय, ती दिवसभरात काय आनी कवा खाते?" नव्हतं विचारलं. एका घाईतल्या रिक्षावाल्याला मी इन्सुलिन थंड जागी ठेवायला सांगितलं, तर त्याने ते फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्यांखाली नीट दाबून ठेवलं. इन्सुलिन गोठून निकामी झालं, तोही गेला. संगमेश्वरकडची एक आजी आपल्या मुंबईच्या भावाने गणपतीला आणलेली गोळी मी दिलेल्या गोळीबरोबर घ्यायची, कारण मुंबईची गोळी वाया कशी घालवायची? मी विचारलंच नाही, आजीने सांगितलं नाही. आजीसुद्धा गेली. त्या महिन्यात माझ्या खिडकीखाली जणू साथच आली होती. काकूंनी एकदा नारळ खवता खवता वैतागून विचारलं, "अहो, त्या रिक्षावाल्याला बायको-पोरं होती की नव्हती? की नुसतंच मारलंत?" काका गंभीरपणे म्हणाले, "होती. म्हणूनच तर झोप नाही लागली."

हसण्यावारी नेण्यासारखंच हे सगळं. पण खरं सांगते, मला वाईट वाटायचं. त्या सुगरणबाईसाठी मी एक दिवस डबा न खाता तसाच परत आणला होता. आणि त्या वाईट वाटण्यानेच माझी जीभ सुटली. पुढचा पेशंट मला मरू द्यायचा नव्हता. आमच्याकडची माणसं दुखणं सरळ सांगत नाहीत हे मला माझ्याच वाडीतून माहीत असायला हवं होतं. आधी पाऊसपाणी, मग आंब्याचा मोहोर, मग "तू कुणाची गो?" आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, पाठ फिरवून, "रातीचा जरा दम लागतो." ते शेवटचं वाक्य येईपर्यंत काउंटर सोडायचा नाही, हे काकांनी मला शिकवलं. सांगून नव्हे, मरून मरून शिकवलं. हळूहळू खिडकीतली माणसं जगायला लागली. दुकानात मी बायकांना त्यांच्या पेजेची वेळ विचारू लागले. गिऱ्हाईक आलं की मला मागे खोकी लावायला पाठवणं मालकांनी बंद केलं.

सगळी सोंगं आली, एक मावशी तेवढी आली नाही. शिमग्याला काकांच्या गावी नमनाचा खेळ होतो, त्यात गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघणारी जी मावशी असते, ती काकांनी तरुणपणापासून केलेली. लुगडं, नाकात नथ, कमरेवर हात, आणि कृष्णालासुद्धा गप्प करील अशी जीभ. कंडक्टरची ड्यूटी संपवून रातोरात गाव गाठायचे आणि मावशी होऊन उभे राहायचे. ती मावशी खिडकीशी आणा म्हणून मी कितीदा तरी मागे लागले. काका म्हणायचे, "येवढ्यात नाय. बाकीच्यांचं ठीक आहे गो. पण मावशी तुझ्या हातून गेली तर मी काय करू?" त्या वर्षी शिमग्याला ते गावीही गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

मालकांनी दिलेला महिना संपत आला होता. एका सकाळी दुकानात ही गर्दी. मान वर करते तर रांगेत काका. ते दुकानात कधी येत नसत. मी मनात म्हटलं, आज खरी परीक्षा, खऱ्या काउंटरवर, मालकांच्या देखत. काका पुढे आले आणि हळूच म्हणाले, "मावशीला पाठवलं नाय, मीच आलो. तिला गॅसची गोळी दे. चढावर छातीत भरून येतं म्हणते."

मला हसू आलं. मी सोंगात शिरले. "मावशी कशी आहे? बाजाराला जाते की नाही?"

"जाते. पण आता मधे बसावं लागतं."

"जेवण?"

"जेवते." एवढंच. वांगी नाहीत, पाऊस नाही, कृष्ण नाही. जिच्या तोंडाला कुलूप नाही ती मावशी दोन शब्दांत आटपत होती. मी नीट पाहिलं. काकांनी काउंटरची कड धरून ठेवली होती आणि पंख्याखाली उभं असूनही कपाळावर घाम होता. मागून कुणीतरी ओरडलं. मालक म्हणाले, "अगो, दे ना गॅसची गोळी. लाईन लागलीय."

"नाही देणार," मी म्हटलं. इतक्या मोठ्यांदा की माझा आवाज मलाच नवा वाटला. मग काकांकडे वाकून विचारलं, "मावशीला आत्ता होतंय का? इथे उभी असताना?"

मी थांबले. सगळं दुकान थांबलं होतं, तरी मी थांबले. शेवटी मावशीचाही नव्हे, कंडक्टरचाही नव्हे, अशा अगदी लहान आवाजात ते म्हणाले, "मलाच होतंय गो. शिमग्यापासनं. हिला सांगू नको, घाबरंल."

मी काउंटरखालून वाकून बाहेर आले, त्यांना बाकावर बसवलं. मालकांनी स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि मला म्हणाले, "तूच जा बरोबर. डॉक्टरांना सगळं नीट सांग." मी सांगितलं. कधीपासून, कुठे, किती चाललं की होतं, बसल्यावर थांबतं का, डावा हात, घाम, एकही गोष्ट राहिली नाही. डॉक्टरांनी लगेच ईसीजीची पट्टी काढली आणि त्याच दिवशी काकांना कोल्हापूरला हलवलं. "आणखी उशीर झाला असता तर" एवढं म्हणून डॉक्टर थांबले, आणि मला पुढचं ऐकायचंही नव्हतं. काकूंना मीच सांगितलं. त्या घाबरल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "गावभरच्या लोकांना मारत बसला आणि स्वतःचं तेवढं लपवलान." कागदावर सही मला न मागता मिळाली.

आता मी त्याच दुकानात नोकरीला आहे. दर महिन्याला काका आपल्या गोळ्या न्यायला येतात. रांगेत उभे राहतात, गोळीचं नाव बरोबर सांगतात, सकाळची कुठली, रात्रीची कुठली हे न अडखळता म्हणून दाखवतात, काय खाल्लं, किती चाललो, कधी दमलो, सगळं खरं खरं. डॉक्टरांनी सोंगांना मनाई केलेली नाही, काकांनीच ती ठेवून दिली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "येकदा खरं बोललो ना गो, आता खोटं जमत नाय." माझ्या काउंटरवर येणारा जो तो काहीतरी लपवतो आणि मी ते हळूहळू काढून घेते. ही सगळी विद्या काकांची आहे, तिच्यावर माझं घर चालतं, आणि याबद्दल मी त्यांचे आभार मानायला गेले की ते कानावर हात ठेवतात. रांगेत सगळ्यात शहाणा पेशंट म्हणजे काकाच. पण त्यांच्या हातात पाकीट देताना दर वेळी मला वाटून जातं की आज त्यांनी डोक्यावरून पदर ओढावा, कमरेवर हात ठेवावा आणि सगळ्या दुकानासमोर माझ्याशी धडधडीत खोटं बोलावं.