पेढ्यांची धास्ती

लोणखेड्याच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणारे मोतीलाल सर निकालानंतर पेढ्यांचा बॉक्स दिसला की बिथरत. पोरगा पेढे देऊन पाया पडला, की समजायचं, गडी दुसऱ्या कॉलेजात चालला. घडवायचं आपण, पळवायचं नाशिकवाल्यांनी. म्हणून यंदा सरांनीही धुळ्याचा एक उंच पोरगा गुपचूप फोडून ठेवला होता. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. ते कोर्टाभोवती नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात धीरज, त्यांचा हुकमी खेळाडू, बॉक्स घेऊन आला.

"जाय रे, तू बी जाय," सर कडाडले. "तुन्ही जागावर धुळाना पोऱ्या ठरेल शे."

धीरजने बॉक्स बाकावर ठेवला.

"बहीणले पोऱ्या व्हयना, सर. त्यानाच पेढा शेतस. नाशिकवालासले मी कालच 'नही' सांगी दिधं."

मग खिशातून फोन काढून नाशिकवाल्यांचा नंबर शोधत तो फाटकाकडे वळला.