दर आखाजीला चिमूटभर

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की रस्त्याला खेटून एक गाव लागतं. त्या गावात लग्नात, सप्ताहात किंवा निवडणुकीत कर्णा वाजला तर तो अभिमननानाचाच असणार. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तालुक्याला डीजेच्या गाड्या आल्या, तरी नानाने आपले दोन कर्णे, ॲम्प्लिफायर आणि जुना टेपरेकॉर्डर काही सोडला नाही. माणूस कामाचा चोख आणि जिभेचा तिखट, पण एका जागी टिकेल तर शपथ. ओट्यावर बसला की कर्ण्यांच्या दुकानात काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं, आणि दुकानात गेला की घरात. पुष्पाबाई, त्याची बायको, म्हणायची की आपल्या आईने पोरगी देताना या माणसाला बसताना पाहिलंच नसेल, नाहीतर दिली नसती.

नानाला दोन गोष्टींचा गर्व होता, कानाचा आणि जिभेचा. पुढच्या गल्लीत कर्णा वाजत असला तर त्याचा पडदा सैल झालाय की वायर, हे तो जेवता जेवता सांगायचा. आणि जेवणात तेल शेंगदाण्याचं की सरकीचं, हे तर पहिल्या घासाला. या दोन्ही बाबतींत त्याच्याशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती, त्यामुळे तो बरोबर आहे की नाही हेही कुणी कधी तपासलं नव्हतं.

त्याच्याकडे एक कॅसेट होती. लग्नाआधीच्या एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेव्हा नवाच घेतलेला टेप मांडीवर धरून, त्याने आपल्या आईचं, भागामायचं, गौराईचं गाणं भरलं होतं. भागामायचा गळा सगळ्या गावाला माहीत होता. ती गेल्यानंतर दर आखाजीला, लिंबाला झोके बांधून झाले आणि माहेरवाशिणी जमल्या की नाना ती कॅसेट कर्ण्यावर लावायचा. पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटत बसायची, बाया झोक्यावर, आणि वरून भागामाय. नाना ॲम्प्लिफायरच्या बटणावर हात ठेवून उभा. वर्षातला तेवढाच एक तास तो एका जागी उभा राहायचा.

त्याचा मुलगा नवल जळगावला मेहरूणमध्ये राहतो. लग्नांचे व्हिडीओ जोडणं आणि त्यांना आवाज चढवणं हा त्याचा धंदा. गेली चार-पाच वर्षं तो बापाच्या मागे लागला होता, की कॅसेट द्या, कॉम्प्युटरवर घेऊन ठेवतो. आणि दर वेळी नाना त्याला वेफर ऐकवायचा.

‘‘केळं माहीत आहे ना तुला? सोललं, खाल्लं. सगळं सलग. आता त्याच केळ्याच्या चकत्या कर, तळ, मीठ लाव, पिशवीत भर. कुरकुरीत लागतं, चांगलं लागतं, मी कुठे नाही म्हणतो? पण त्याला केळं म्हणशील का? तुझं कॉम्प्युटर तेच करतं. आवाजाच्या चकत्या पाडतं. मी माझ्या आईच्या चकत्या पाडू देणार नाही.’’

नवल सुरुवातीला समजावून सांगायचा. चकत्या पडतात हे खरं, पण सेकंदाला हजारो पडतात, इतक्या पातळ की परत जोडल्या की जिभेला काप लागत नाही. आणि नाना, केळं काळं पडतं, त्याचं काय? पिशवीतलं आज जसं आहे तसंच पुढच्या वर्षी निघतं. टेप दर वेळी घासली जाते.

‘‘घासत नाही. माझा कान आहे ना,’’ नाना म्हणायचा आणि उठून दुकानात जायचा.

आता इथे मला नानाचा राग येतो. पोरगा सरळ सांगतोय, हातात साधन आहे, आणि हा वेफरवर अडून बसलाय. पण भ्यायलेला माणूस कधी भीती वाटते म्हणतो का? तो तत्त्व सांगतो. ती एकच कॅसेट होती. ती नवलच्या हातात गेली आणि काही बिघडलं तर भागामाय दुसऱ्यांदा जायची होती.

यंदाच्या आखाजीला दिपमाला आली, नानाची धाकटी बहीण. ती सुरतेला असते. नवऱ्याच्या दुखण्यामुळे कितीतरी वर्षं तिला माहेरचा झोका दिसला नव्हता. आदल्या दिवशी दुपारी उतरली, हातपाय धुतले, भावाच्या शेजारी पाटावर बसली. पुष्पाबाईने उडदाची डाळ, कळण्याची भाकरी आणि कांदा वाढला. नानाने पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे मान डोलावली.

‘‘आशी डाळ सुरतले भेटस का?’’

दिपमालाने घास तोंडात फिरवला. वहिनीकडे पाहिलं. ‘‘वहिनी, राग नको मानू व. पन डाळ अळनी शे. मीठ टाकाले इसरनी का?’’

‘‘अळनी?’’ नाना हसला. ‘‘तुन्ही जीभ सुरतनी व्हई गयी. तठे डाळमां साखर टाकतस ना!’’

पुष्पाबाई हसली नाही. तिने मिठाचं भांडं दिपमालाच्या ताटाजवळ सरकवलं आणि पदराला हात पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, ‘‘ती बरोबर सांगी राह्यनी. डागदरनी सांगं व्हतं, बीपी शे, मीठ तोडा. तुम्ही ऐकतात का? मंग मी दर महिनाले चिमूटभर कमी करत गऊ. दोन वरीस व्हयनात. आते तर नावले टाकस. तुम्हले कळनं का कधी?’’

नानाचा घास हातातच राहिला. दिपमाला खो खो हसायला लागली. ज्याच्या जिभेपुढे गाव गप्प बसायचं, त्याला बायकोने दोन वर्षं आळणी खाऊ घातलं आणि तो माना डोलावत होता! एरवी नानाने ताट सरकवलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

‘‘आनि चव?’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘माले तर चव लागी राह्यनी व्हती.’’

‘‘ती तुमना ध्यानमानी चव, जिभनी नही,’’ पुष्पाबाई म्हणाली.

ती सहज बोलून गेली आणि आत भाकरी आणायला वळली. नाना मात्र तसाच उठला. हात नीट धुतला नाही, चप्पल उलटसुलट घातली आणि भर उन्हात दुकानाकडे निघाला. दहा पावलं गेला, परत आला, दारातून बहिणीला म्हणाला, ‘‘दिपा, जेवन झाये का इकडे ये.’’ आणि पुन्हा गेला.

दुकानात त्याने कॅसेट काढली. लावली नाही. पंखा चालू केला, बंद केला. टेपचं हेड स्पिरिटने पुसलं, पुसलेलं परत पुसलं. दर महिन्याला चिमूटभर. एकदम मूठभर काढलं असतं तर पहिल्या घासाला ओरडलो असतो, हे त्याला कळत होतं. चिमूट काढली की जीभ उरलेलं आपल्या पदरचं घालते. मग कान काय घालत असेल? आणि केव्हापासून?

दिपमाला आली. नानाने कॅसेट नेहमीच्या जागी आणली. सुरुवातीला गाण्याआधीची काहीतरी फालतू बडबड होती, ती तो दर वर्षी बटण दाबून पुढे पळवायचा. गाणं जिथे सुरू होतं तिथे थांबवून त्याने टेप चालू केला आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

त्याला ऐकू येत होतं. पहिली ओळ, दुसऱ्या ओळीवर भागामायचा वर चढणारा गळा, टाळी, मागच्या बायांचा हुंकार. सगळं जिथल्या तिथे.

दिपमालाने आधी डोळे मिटले. मग उघडले. मग टेपच्या अगदी जवळ कान नेला. कपाळाला आठ्या पडल्या.

‘‘भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘यामां माय कोठे शे?’’

‘‘हाई काय, गाई राह्यनी ना!’’

‘‘माले तं नुसती खरखर ऐकू ई राह्यनी. मधमां कोनी गुनगुनस आसं वाटस. पन ती माय शे हाई तू सांगस म्हनीसन.’’

नानाने टेप बंद केला. झटकन, चटका बसल्यासारखा. आणखी एक चिमूट गेली, हे त्याच्या मनात पहिलं आलं. मग त्याला पारावरची माणसं आठवली, झोक्यावरच्या बाया आठवल्या. वर्षानुवर्षं सगळं गाव कर्ण्यावर खरखर ऐकत होतं, आणि नाना रागावेल म्हणून एकाही पठ्ठ्याने तोंड उघडलं नव्हतं. त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवल आखाजीला येणारच होता, लॅपटॉपही त्याच्या पिशवीत असतोच. पुष्पाबाईने हे सांगून पाहिलं. पण नानाला आता एवढाही धीर नव्हता. कॅसेट टॉवेलात गुंडाळून, शेजारी टेपरेकॉर्डर घेऊन तो जळगावच्या एसटीत बसला. ड्रायव्हरच्या मागच्या स्पीकरातल्या लोहचुंबकाने टेप पुसली जाईल म्हणून त्याने जागा बदलली. तिथे ऊन आलं, म्हणून परत बदलली. एरंडोल येईपर्यंत त्याने चार माणसांना उठवलं आणि पाचव्याशी भांडण काढलं. कंडक्टरने विचारलं, ‘‘नाना, अंडी आहेत का टॉवेलात?’’ नानाने टॉवेल आणखी घट्ट धरला. त्याचं लक्ष टॉवेलाखालच्या हाताकडे होतं.

नवलने दार उघडलं आणि बापाला पाहून घाबरलाच. ‘‘आई बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे. मीठ चोरते,’’ नाना म्हणाला. ‘‘हे घे. घे लवकर, मन बदलायच्या आत.’’

नवलने वायरी जोडल्या. शहाणा पोरगा, केळं आणि वेफरचा विषय त्याने काढला नाही. नाना खोलीत येरझाऱ्या घालत होता.

‘‘आधीची बडबड सोड. गाण्यापासून घे.’’

‘‘नाही नाना. सगळं घेतो, पहिल्यापासून.’’

‘‘अरे, कचरा आहे तो. मी कधी ऐकलाच नाही.’’

‘‘म्हणून तर,’’ नवल म्हणाला. ‘‘जिथे टेप वाजलीच नाही, तिथे ती घासलेली नसणार.’’

त्याने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ थरथरली. आणि खोलीत, मेहरूणच्या त्या भाड्याच्या खोलीत, भागामाय बोलली. खरखर नाही, धूळ नाही. इतकी जवळून की नानाने दाराकडे पाहिलं.

‘‘अरे अभिमन, यामां मन्हा आवाज राही जाई का रे?’’

मग एक तरणा पोरगा, नव्या यंत्राच्या मस्तीत, ‘‘राही ना माय! कायमना राही.’’

‘‘मी मरसू, मंग?’’

‘‘मंग बी राही.’’

भागामाय हसली. बांगड्या वाजल्या. ‘‘थांब मंग. पानी पी लेस.’’ तांब्या ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी झोका धरा म्हणालं, आणि गाणं सुरू झालं. म्हणजे खरखर सुरू झाली, आणि तिच्या तळाशी कुठेतरी ते गुणगुणणं.

नाना भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याने शब्द दिला होता, आणि दर आखाजीला गावाच्या साक्षीने तो थोडा थोडा खरवडून टाकला होता. मायेपोटी केलं होतं, हेच जास्त लागत होतं. तो रडला. टेप पूर्ण होईपर्यंत नवल पडद्याकडे पाहत राहिला.

‘‘गाणं जेवढं उरलंय तेवढं आलंय,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘पण ते बोलणं सगळं आलंय. परत लावू?’’

नानाचा हात आपोआप वर गेला. ‘‘नको, नको! घासलं जाईल.’’

‘‘आता नाही घासलं जाणार, नाना. कितीही वेळा ऐका.’’

नानाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या हिरव्या रेघेकडे. हात हळूहळू खाली आला.

‘‘कितीही?’’

‘‘कितीही.’’

‘‘लाव मग,’’ नाना म्हणाला. नवलने लावलं. ते संपलं, आणि नाना म्हणाला, ‘‘परत लाव.’’